फिजीचे खेळाडू जन्मतःच तसे असतात का? सेरेवीच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौदा वर्षांची, सांगलीत शाळेच्या संघातून रग्बी खेळायला लागली आहे. अंगाने बारीक, वर्गात सगळ्यात बुटकी. फिजीचा वायसाले सेरेवी भारताच्या संघाला शिकवायला आला हे तिने कुठेतरी वाचलं, मोबाईलवर त्याचे जुने सामने शोधून काढले आणि आता घरात दुसरा विषय नाही. तुम्ही विचारताय की हा माणूस नेमका कोण, तिथली पोरं जन्मजातच तशी असतात का, आणि रग्बीवर पोट भरणाऱ्या फिजीच्या खेळाडूचं आयुष्य खरं कसं असतं.

मी आधी खेळायचो, आता पुण्यात मुलामुलींना रग्बी शिकवतो. ‘फिजीयन म्हणजे देवाची देणगी’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कान किटले आहेत. सेरेवीबद्दल लिहिताना तर ते हमखास येतं. माझं मत सरळ सांगतो: ‘देणगी’ म्हणून टाकलं की त्या माणसाने काय केलं ते बघायची गरजच उरत नाही, आणि त्यासाठी त्याला काय मोजावं लागलं तेही झाकलं जातं.

आधी माणूस. सेरेवीचा जन्म १९६८ चा. घराण्याचं मूळ गाव गाऊ बेटावरचं. उंची पाच फूट सहा-सात इंच. रग्बीच्या मैदानावर या उंचीच्या माणसाला पंच समजून कोणी शिट्टी मागावी, अशी गत. १९८९ साली तो हाँगकाँग सेव्हन्समध्ये पहिल्यांदा उतरला. पुढच्या तिन्ही वर्षी, म्हणजे १९९०, ९१ आणि ९२ ला, ती स्पर्धा फिजीने जिंकली. तेव्हापासून लोक त्याला सेव्हन्सचा राजा म्हणायला लागले. त्यानंतर दीड दशक तरी त्या गादीवर दुसरं कोणी बसलं नाही.

सेव्हन्स म्हणजे काय ते तुमची मुलगी सांगेलच, पण दोन गोष्टी तुम्हाला माहीत असू द्या, नाहीतर सेरेवीचं मोठेपण कळणार नाही. पूर्ण रग्बी पंधरा जणांची. सेव्हन्समध्ये सात जण, पण मैदान तेवढंच, साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. डाव सात-सात मिनिटांचे दोन. हा प्रकार स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात १८८३ साली निघाला. क्लबला पैशांची चणचण होती आणि नेड हेग नावाच्या गावातल्या खाटकाने ही छोट्या संघांची स्पर्धा सुचवली. आजही सेव्हन्सच्या विश्वचषकाला मेलरोझ कप म्हणतात. तर, एवढ्या मैदानावर सात माणसं म्हणजे मोकळी जागा भरपूर. ती जागा आत्ता कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं. दोन सेकंदांनी कुठे तयार होणार हे फार थोड्यांना दिसतं.

मुलीला सांगा, सेरेवीचा एखादा जुना सामना लावायचा आणि चेंडू सोडून त्याच्या पायांकडे बघायचं. चेंडू दोन्ही हातांत, छातीच्या जरा खाली. समोरून बचाव करणारा अंगावर येतो. कोणीही अशा वेळी वेग वाढवेल. सेरेवी कमी करतो, चक्क चालायला लागतो. आता समोरच्याची पंचाईत. पुढे झेपावलं तर हा बाजूने निसटणार, जागेवर थांबलं तर डावी-उजवीकडून धावत येणाऱ्या सोबत्याला पास देणार. चेंडू दोन हातांत असल्यामुळे पास कुठल्या बाजूला जाईल तेही कळत नाही. बिचारा क्षणभर टाचांवर येतो. माणसाचं वजन टाचांवर गेलं की त्याला पुढे झेप घेता येत नाही, आणि सेरेवी नेमका तेव्हाच सुटतो. कबड्डीत मुरलेला चढाईपटू असाच रेषेजवळ सावकाश फिरत राहतो आणि कोपरारक्षकाचा पाय हलेपर्यंत थांबतो. तुमच्या सांगलीकडच्या पोरांना हे समजवायला मला कधी वेळ लागत नाही.

नजर एकीकडे आणि पास दुसरीकडे, डोक्यावरून पास, पाठीमागून पास, हे सगळंही तो करायचा. मोबाईलवरच्या तुकड्यांत तेच दिसतं. पण माझ्या मते त्याची सगळ्यात मारक गोष्ट त्या तुकड्यांत येतच नाही. सेव्हन्समध्ये ज्या संघाने गुण मिळवले तोच पुन्हा किक मारून खेळ सुरू करतो. सेरेवीची ही ड्रॉप-किक, म्हणजे चेंडू हातातून सोडून जमिनीला टेकताच मारलेली किक, इतकी उंच जायची की चेंडू खाली येईपर्यंत त्याचे सोबती तिथे पोहोचलेले असत आणि हवेतच तो परत मिळवत. म्हणजे गुण आपले आणि पुन्हा चेंडूही आपलाच. चौदा मिनिटांच्या खेळात समोरच्याला दोन-तीन मिनिटं चेंडूच मिळाला नाही तर तो करणार काय? अशी किक कुणाच्या रक्तात नसते. ती रिकाम्या मैदानावर शेकडो वेळा मारून येते.

मी मुलांना यासाठी एक सराव देतो, तुमच्या शाळेच्या सरांनाही सांगा. दहा मीटर रुंद पट्टा आखायचा. आत दोन बचाव करणारे, समोरून तिघं हल्ला करणारे. अट एकच: ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने पास द्यायच्या आधी एकदा तरी धावणं थांबवून चालायला लागायचं. पहिला आठवडाभर मुलं वैतागतात, कारण थांबलं की पकडले जाऊ अशी भीती असते. हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की आपण थांबलो की समोरचाही थांबतो. मग बघा मजा. या सरावात बारीक मुली धिप्पाड मुलांना सहज फसवतात. उंचीचा इथे काडीचाही संबंध नाही.

सेरेवीने विश्वचषक दोनदा जिंकला, दोन्ही वेळा कर्णधार म्हणून आणि दोन्ही वेळा हाँगकाँगमध्ये. १९९७ ला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर २४-२१. मग २००५ ला न्यूझीलंडवर २९-१९. दुसऱ्या वेळी तो छत्तीस वर्षांचा होता. या वयात बहुतेक सेव्हन्स खेळाडू निवृत्त होऊन गुडघ्यांवर शेक घेत बसलेले असतात. पाठोपाठच्या २००५-०६ च्या मोसमात त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका एकत्र सांभाळून फिजीला जागतिक मालिका जिंकून दिली. त्याआधीच्या सहाही मालिका न्यूझीलंडने नेल्या होत्या.

आता ‘जन्मजात’चं बघू. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. ती तीनशेहून जास्त बेटांच्या देशात विखुरलेली, त्यातली बरीच बेटं ओसाड. एवढ्या लोकांतून इतके खेळाडू निघतात म्हटल्यावर रक्ताची गोष्ट डोक्यात येणं स्वाभाविक आहे. पण तिथल्या पोराचा दिवस बघा. गावाच्या मधोमध हिरवळ, एका कडेला चर्च. शाळा सुटली की लहान-मोठे सगळे त्या हिरवळीवर, अंधार पडेपर्यंत टच रग्बी. पाडायचं नाही, नुसतं शिवायचं. कोण कुठल्या जागेवर खेळणार हे ठरलेलं नाही, त्यामुळे जाडजूड पोरालाही पास द्यायला आणि चकवायला शिकावंच लागतं. पाय अनवाणी. चेंडू नसला तर प्लास्टिकची बाटली. दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी दोन तास हे केलेलं पोर आणि आठवड्यातून दोनदा शिट्टीवर सराव करणारं आपलं पोर समोरासमोर आलं, तर फरक दिसणारच. त्याला आपण देणगी म्हणून मोकळे होतो.

पुढे शाळा. क्वीन व्हिक्टोरिया स्कूल, रातू कडावुलेवू स्कूल अशा निवासी शाळांमध्ये रग्बी म्हणजे प्रतिष्ठेचा प्रश्न. शाळांची डीन्स ट्रॉफी नावाची स्पर्धा असते. तिच्या शेवटच्या फेऱ्यांना माजी विद्यार्थी, आईबाप, आजोबा असं सगळं गणगोत मैदानावर लोटतं. गावोगावी सेव्हन्सच्या स्पर्धा होतात, राजधानी सुवाची मॅरिस्ट सेव्हन्स तर जुनी आणि मानाची. राष्ट्रीय संघाची निवड करणारे तिथेच नजर ठेवून असतात. आणि तंदुरुस्तीचं म्हणाल तर सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. राष्ट्रीय संघ तिथे चढ-उतार करतो. दोन पावलं वर टाकली की एक पाऊल वाळू खाली ओढते. वर पोहोचलेला खेळाडू उभा राहत नाही, गुडघ्यांवर येतो आणि तिथून पुन्हा खाली पाठवला जातो. हे बघितलेला माणूस ‘सहज येतं हो त्यांना’ असं म्हणणार नाही.

आणखी एक गंमत. याच बेटांवर १८७९ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेले आपले लोकही राहतात, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे आणि मद्रास इलाख्यातले. त्यांच्या वस्त्यांत फुटबॉल मुरलेला आहे, रग्बी नाही. ऊन तेच, वारा तोच, पण शाळा, क्लब आणि मैदानं इंग्रजांच्या काळापासून वेगवेगळी राहिली. खेळ रक्तातून येतो की अंगणातून, याचं उत्तर याहून स्पष्ट काय असणार?

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली ती १९९५ च्या ऑगस्टमध्ये. तोवर खेळाडूला खेळण्याचे पैसे घ्यायला उघड परवानगी नव्हती. सेरेवी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या पंधरा जणांच्या विश्वचषकाला फिजी पात्रच ठरलं नव्हतं. म्हणजे ज्या स्पर्धेनंतर युरोपातल्या क्लबांनी जगभरच्या खेळाडूंसाठी थैल्या मोकळ्या केल्या, ती त्याने घरी बसून बघितली. त्याआधी जपानमध्ये तो मित्सुबिशीच्या संघातून खेळला होता. १९९७ ला, विश्वचषक हातात घेतल्यावर, इंग्लंडच्या लेस्टर टायगर्सने त्याला करारबद्ध केलं.

लेस्टर म्हणजे चिखल, पाऊस आणि पुढच्या फळीतल्या आठ रेड्यांच्या जोरावर सामने जिंकणारा क्लब. चेंडू पोटाशी धरून दहा मीटर पुढे सरकायचं, मग किक मारून जागा मिळवायची. हा त्यांचा धर्म, आणि त्यात ते वाकबगार होते. सेरेवीची जागा फ्लाय-हाफची, म्हणजे खेळाचा सूत्रधार. त्या जागेवर तिथे जोएल स्ट्रान्स्की होता, ज्याच्या ड्रॉप-गोलने १९९५ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेला मिळवून दिला तोच. सेरेवी एका मोसमात तिथून बाहेर पडला. पुढे फ्रान्समध्ये मों-द-मार्सां आणि मग बोर्दोचा स्ताद बोर्दले. दोन्ही नावाजलेल्या मोठ्या क्लबांच्या रांगेत बसणारे नव्हते.

मला त्याच्या हाँगकाँगच्या करंडकांपेक्षा हा काळ जास्त शिकवून जातो. पंधरा जणांच्या खेळात त्याचं टॅकलिंग, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, कच्चं आहे अशी टीका व्हायची आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. पण दुसरी बाजूही आहे. त्या काळच्या युरोपियन प्रशिक्षकांना त्याच्यासारखा माणूस वापरायचा कसा, हेच ठाऊक नव्हतं. ज्याला मोकळी जागा दिसते त्याला तुम्ही एकमेकांना रेटणाऱ्या पुढच्या फळीच्या (स्क्रमच्या) मागे पावसात उभं केलंत आणि ठरलेली चाल खेळ म्हणालात, तर दोष कुणाचा? आज तेच क्लब ‘टॅकल होतानाही पास देणारे’ फिजीयन शोधत फिरतात. सेरेवी वीस वर्षं आधी जन्मला. फिजीकडून पंधरा जणांचे विश्वचषक तो तीनदा खेळला, १९९१, १९९९ आणि २००३ ला, पण त्याचं नाव कुणाच्याही तोंडी येतं ते सेव्हन्ससाठीच.

ऑलिम्पिकचंही तसंच. सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये घ्यायचा निर्णय झाला २००९ ला आणि पहिली स्पर्धा झाली २०१६ ला. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ आणि २००२ अशी दोन रौप्यपदकं फिजीला मिळाली, दोन्ही वेळा सोनं न्यूझीलंडने नेलं. खेळणं थांबल्यावर तो अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेला, तिथे मुलांना रग्बी शिकवणारी संस्था काढली. २०१३ ला जागतिक रग्बीच्या मानाच्या दालनात त्याचा समावेश झाला. आणि २०२४ मध्ये रग्बी इंडियाने भारतीय सेव्हन्स संघांची जबाबदारी त्याच्याकडे दिली. तुमच्या मुलीपर्यंत तो पोहोचला तो असा.

सेरेवी हा अपवाद होता. त्याच्या मागून गेलेल्या शेकडोंची वाट बऱ्याच अंशी ठरलेली आहे. शाळेच्या स्पर्धेत कुणाच्या तरी नजरेत भरायचं. फ्रेंच क्लबांची माणसं तिथे येतातच. क्लेरमों क्लबने तर नांद्रोंगा भागात स्वतःची अकादमीच काढली. सतरा-अठराव्या वर्षी पोरगा विमानात बसतो. जिथे उतरतो तिथे थंडी, भाषा फ्रेंच, आणि रविवारी चर्चला गेलं तर ओळखीचं कोणी नाही. चाललं तर वरच्या विभागात करार, नाही चाललं तर खालच्या विभागातल्या एखाद्या छोट्या गावच्या क्लबात. गुडघा गेला की करार गेला. दुसरी वाट ब्रिटिश सैन्याची. तिथे फिजीचे बरेच तरुण भरती होतात. सेमेसा रोकोदुगुनी असाच रणगाडा दलात होता, अफगाणिस्तानात जाऊन आला आणि नंतर इंग्लंडकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळला.

घरी पैसे पाठवणं हा भाग बाहेरच्यांना फारसा कळत नाही. फिजीत केरेकेरे नावाची रीत आहे. नात्यातल्याने गरज सांगितली की नाही म्हणायचं नाही. आज मी मागतो, उद्या तू माग. गावात सगळ्यांकडे थोडं थोडं असतं तेव्हा ही रीत फार सुंदर चालते. पण एकाचा पगार युरोमध्ये यायला लागला की मागणं एकाच बाजूने सुरू होतं. चुलत्याचं छप्पर, भाचीची फी, कुणाचं मयत, चर्चची वर्गणी. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळ आलं, ४४ माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. अशा वेळी परदेशात खेळणाऱ्या पोराने पैसे पाठवले नाहीत तर तो गावात तोंड दाखवू शकेल का? मग पस्तिशीत तो निवृत्त होऊन परततो तेव्हा बऱ्याचदा हातात फार काही उरलेलं नसतं. मी याला वाईट रीत म्हणणार नाही, आपल्याकडेही मुंबईला गेलेल्या थोरल्याकडून गावाने हीच अपेक्षा केली आहे. पण करारावरचा आकडा बघून ‘मालामाल झाला’ म्हणणाऱ्यांनी त्या आकड्याचे वाटेकरी मोजावेत.

यात जर्सीचाही प्रश्न येतो. जो रोकोकोको आणि सिवि सिविवातू न्यूझीलंडकडून खेळले, लोटे तुकिरी ऑस्ट्रेलियाकडून, विरिमी वाकाटावा फ्रान्सकडून. सगळे जन्माने किंवा घराण्याने फिजीचे. पूर्वी दुसऱ्या देशात तीन वर्षं राहिलं की त्या देशाकडून खेळता यायचं, आता ती अट पाच वर्षांची केली आहे. त्यांना कोणी गद्दार म्हटलं की मला राग येतो. तिकडच्या जर्सीत मिळणारे पैसे आणि फिजीच्या जर्सीत मिळणारे पैसे यांची बरोबरीच होत नव्हती. शिवाय फिजीकडून खेळायला जाऊ नये म्हणून क्लब आडून दबाव आणतात, ही पॅसिफिक बेटांवरच्या खेळाडूंची जुनी तक्रार आहे.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडं बदललंय. २०२२ पासून फिजीयन द्रुआ हा संघ सुपर रग्बीत, म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या संघांच्या मोठ्या स्पर्धेत, खेळतो. आता तरुण खेळाडूला घर न सोडता वरच्या दर्जाची रग्बी आणि पगार मिळू शकतो. २०२३ ला लौटोकाच्या मैदानावर द्रुआने क्रुसेडर्सना २५-२४ असं हरवलं. क्रुसेडर्स म्हणजे त्या स्पर्धेतला सगळ्यात यशस्वी संघ. त्याच वर्षी राष्ट्रीय संघाने ट्विकनहॅमवर, म्हणजे इंग्लंडच्या घरच्या मैदानावर, त्यांना ३०-२२ ने आणि विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २२-१५ ने हरवलं. माझ्या मते हा योगायोग नाही. एकत्र सराव करायला मिळाला की काय होतं ते दिसलं.

आता सेरेवीच्या मागून आलेला, आणि तुमच्या मुलीने आवर्जून बघावा असा एक खेळाडू: जेरी तुवाई. सुवाजवळच्या न्यूटाऊन नावाच्या गरीब वस्तीतला. लहानपणी रस्त्याच्या चौकातल्या गोल बेटावर बाटलीने रग्बी खेळणारा. हाही बुटका. निवड करणाऱ्यांनी त्याला लहानखुरा म्हणून बराच काळ बाजूला ठेवलं. २०१४ ला बेन रायन या इंग्लिश प्रशिक्षकाने त्याला संघात घेतलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. सेव्हन्समध्ये या वयात बरेच जण मुरलेले असतात. रायनची स्वतःची अवस्थाही फार बरी नव्हती. फिजीच्या रग्बी संघटनेची तिजोरी रिकामी, आल्यावर पहिले काही महिने त्याला पगारच मिळाला नव्हता.

या संघाने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं धुतलं. फिजीचं हे ऑलिम्पिकमधलं पहिलं पदक, आणि तेही सोनं. पदक घेताना प्रत्येक जण गुडघ्यावर बसला आणि मोठ्यांपुढे वाजवतात तशा संथ, पोकळ टाळ्या वाजवल्या. देशाने त्या विजयाची सात डॉलरची नोट काढली. सातचीच, कारण सेव्हन्स. त्यानंतर टोकियो ऑलिम्पिकमध्ये तुवाई कर्णधार होता. कोरोनामुळे संघ महिनोन्‌महिने घरापासून लांब, बायकापोरांची भेट नाही. न्यूझीलंडला २७-१२ ने हरवून दुसरं सोनं मिळालं. पॅरिसला २०२४ मध्ये तो पुन्हा संघात आला. अंतिम सामना यजमान फ्रान्सने जिंकला आणि त्याच्या दोन सुवर्णांशेजारी एक रौप्य जमा झालं. त्याचा खेळ सेरेवीहून वेगळा आहे. सेरेवी थांबवून फसवायचा, तुवाई दोन्ही पायांवर इतक्या झटपट दिशा बदलतो की समोरच्याचे पाय एकमेकांत अडकतात.

मुलीसाठी मात्र मी फिजीच्या बायकांचा संघही बघायला सांगेन, फिजीयाना. बाईमाणसाने रग्बी काय खेळायची, हे त्यांना गावात ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी टोकियोत ब्रिटनला हरवून कांस्य मिळवलं. पुढच्याच वर्षी फिजीयाना द्रुआने ऑस्ट्रेलियातली सुपर डब्ल्यू स्पर्धा पहिल्याच फटक्यात जिंकली.

आपल्याकडे रग्बीवर घर चालेल का, या तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: आज तरी नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ होते, फिजीसह बऱ्याच देशांचे खेळाडू आले. पण ती पुरुषांची आणि मोजक्या दिवसांची. उलट देशाच्या पातळीवर मुलींचा संघ मुलांपेक्षा चांगला खेळतोय आणि तिथे जागा आहे. ओडिशाच्या मुली पुढे आहेत, कारण तिथे वसतिगृहात राहून रोज सराव होतो. आपल्या मुली कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्समधून येतात आणि लवकर शिकतात. शिक्षण सोडायचं नाही, स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवायची, आणि क्रीडा गुणांचे नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून दरवर्षी विचारून घ्यायचे, कारण ते बदलतात.

शाळेच्या सरांना दोन गोष्टी नक्की विचारा. टॅकल शिकवताना आधी गुडघ्यावर बसून शिकवतात का, आणि डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे प्रत्येक मुलीकडून वेगळं करून घेतात का? डोकं नेहमी पडणाऱ्याच्या मागच्या बाजूला, खाली किंवा समोर नाही. बारीक मुलीला दुखापत होते ती उंचीमुळे नाही, चुकीच्या बाजूला गेलेल्या डोक्यामुळे. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा मिळतो, तो घ्या. आणि डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली किंवा ती प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायला लागली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, मग अंतिम सामना का असेना. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच परत सराव.